बंदूक मुद्देमालात, मग मालकाचे रक्षण कोणाच्या हवाली?

परवाना असलेली बंदूक, अंगावर धावून आलेला हल्लेखोर आणि जीव वाचवण्यासाठी झाडलेली गोळी. पोलीस येतात, पंचनामा होतो, बंदूक सीलबंद होऊन ठाण्यात जाते. इथपर्यंत कोणाची तक्रार असू नये. गोळी सुटली आहे तर तपास झालाच पाहिजे. खरा प्रश्न पुढे सुरू होतो. तपास संपतो, कधी आरोपपत्रही दाखल होत नाही, कधी माणूस निर्दोष सुटतो, तरी बंदूक मुद्देमालाच्या खोलीतच पडून राहते. ज्याच्यापासून जीव वाचवला त्याचे भाऊबंद मात्र त्याच गावात, त्याच गल्लीत असतात.

कोणी म्हणेल, आपल्या समाजाचा या विषयाशी काय संबंध? आपल्याकडे बंदुका आहेतच कुठे? नाहीत, हाच तर संबंध आहे. आणि त्या का नाहीत याला इतिहास आहे.

मनुस्मृतीने शस्त्र धरण्याची मुभा द्विजांना दिली. शूद्र-अतिशूद्रांसाठी तो विषयच नव्हता. गावाची राखण मात्र महारानेच करायची, चोराचा माग त्यानेच काढायचा, वसुलीचा खजिना तालुक्याला त्यानेच पोहोचवायचा. हातात काय, तर घुंगरू बांधलेली काठी. बाबासाहेबांनी १९३६ मध्ये ‘जातिनिर्मूलन’च्या भाषणात नेमका हा सवाल केला आहे : एवढा अन्याय सोसून इथला बहुजन उठला का नाही? त्यांचे उत्तर असे की चातुर्वर्ण्याने त्याला शस्त्र धरू दिले नाही, आणि शस्त्राशिवाय बंड होत नाही. भ्याडपणाचा आरोप करणाऱ्यांनी हे उत्तर वाचावे.

इंग्रजी अमलात हे चित्र थोडे हलले. १ जानेवारी १८१८ ला कोरेगावात महार सैनिक बंदूक घेऊन लढले. सुभेदार रामजी सकपाळांची पिढी लष्करातूनच पुढे आली. पण १८९२ च्या सुमारास महारांची भरती बंद झाली. गोपाळबाबा वलंगकरांनी त्याविरुद्ध अर्ज केला, पुढे शिवराम जानबा कांबळ्यांनी केला. पगार आणि पेन्शन तर गेलेच, समाजाच्या हातातले कायदेशीर शस्त्रही गेले.

त्याच शतकात कायद्याने एक गंमत केली. मेकॉलेच्या आयोगाने १८३७ च्या मसुद्यात खासगी बचावाचा हक्क लिहिला. हिंदी माणसाने स्वतःचे रक्षण करण्याची हिंमत धरावी, असा त्यामागचा विचार होता. १८६० च्या दंडसंहितेत तो हक्क कलम ९६ ते १०६ मध्ये आला. अठरा वर्षांत, १८७८ मध्ये, लॉर्ड लिटनच्या राजवटीत शस्त्र कायदा आला. परवान्याशिवाय हत्यार नाही, आणि युरोपियनांना मात्र सूट! हक्क कागदावर राहिला, साधन काढून घेतले.

या दोहोंच्या मध्ये, १८७१ मध्ये, गुन्हेगार जमाती कायदा झाला. सोलापूरकरांना तो पुस्तकात वाचावा लागत नाही. आपल्या शहरात ‘सेटलमेंट’ म्हटले की आजही पत्ता समजतो. तारेच्या कुंपणात कुटुंबेच्या कुटुंबे कोंडली, हजेरी लावली, गिरण्यांत राबवले. १९३० चा मार्शल लॉ सोलापूरला आठवतो, आणि आठवलाच पाहिजे. मे महिन्यात गोळीबार झाला, १२ मेपासून लष्करी कायदा लागला आणि १२ जानेवारी १९३१ ला मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे येरवड्यात फासावर गेले. त्यांच्या नावाने चौक आहे. पण मार्शल लॉ दीड-एक महिन्याचा होता. कुंपणाआडच्या माणसांवरचा पहारा पिढ्यान्‌पिढ्यांचा होता. जन्मतःच गुन्हेगार ठरलेल्या माणसाने ‘मी स्वसंरक्षण केले’ असे म्हटले असते तर ऐकले कोणी असते? देशभरात तो कायदा ३१ ऑगस्ट १९५२ ला संपला. सराईत गुन्हेगारांसाठीचा मुंबई राज्याचा कायदा १९५९ चा, आणि आजचा शस्त्र कायदाही १९५९ चाच. योगायोग असेल, पण लक्षात ठेवण्यासारखा आहे.

काँग्रेसने १९३१ च्या कराची ठरावात शस्त्र बाळगण्याचा हक्क मागितला होता. डिसेंबर १९४८ मध्ये संविधान सभेत ह. वि. कामतांनी तोच मूलभूत हक्कांत घालावा म्हणून दुरुस्ती आणली. बाबासाहेबांनी ती नाकारली. प्रत्येकाने बाजारात जाऊन हवे ते हत्यार विकत घेतले तर राज्य चालवायचे कसे, असे त्यांचे म्हणणे. देश संकटात असताना शस्त्र उचलणे हे नागरिकाचे कर्तव्य, हक्क नव्हे, असेही ते म्हणाले. काही मित्रांना हे अडचणीचे वाटते. मला वाटत नाही. बंदुका मोकळ्या झाल्या असत्या तर त्या वाड्यांवर गेल्या असत्या, वस्तीत नव्हे. पण या भूमिकेतून एक जबाबदारी निघते : शस्त्र राज्य स्वतःकडे ठेवणार असेल तर रक्षणही राज्यानेच केले पाहिजे.

राज्य यात कमी पडू शकते, हे राज्यानेच लिहून दिले आहे. अत्याचार प्रतिबंधक कायदा १९८९ चा, त्याचे नियम १९९५ चे. त्यातला नियम ३ काढून वाचा. अत्याचाराची शक्यता असलेल्या भागात गरज पडल्यास बिगर अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांचे शस्त्र परवाने रद्द करून हत्यारे सरकारी शस्त्रागारात जमा करावीत, बेकायदा हत्यारे जप्त करावीत, आणि जीवित-मालमत्तेच्या रक्षणासाठी अनुसूचित जाती-जमातींच्या लोकांना परवाने द्यावेत. मनूने काढून घेतलेले शस्त्र कायद्याने परत देऊ केलेली ही जागा. तिचा वापर मागणारे अर्ज आपण किती केले?

असा परवाना मिळाला आणि वापरायची वेळ आली, तर मूळ प्रश्न आपल्याच दारात येतो. भारतीय न्याय संहितेत कलम ३४ ते ४४ मध्ये बचावाचा हक्क कायम आहे. पण अट जुनीच : पोलिसांकडे जायला वेळ असेल तर हा हक्क नाही. ठाणे जवळ आहे, फौजदार ऐकून घेतो, असे धरून हे कलम लिहिलेले आहे. वस्तीतल्या माणसाचा अनुभव काय, हे सांगायला नको.

आता बंदुकीचे बघू. इथे दोन वेगळ्या गोष्टी मुद्दाम एकत्र केल्या जातात. पुरावा म्हणून जप्ती ही एक गोष्ट. ती नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०६ खाली होते, त्याची खबर न्यायदंडाधिकाऱ्याला द्यावी लागते, आणि बंदूक परत द्यायची की नाही हे कलम ४९७ आणि ५०३ खाली न्यायालय ठरवते, ठाणेदार नव्हे. परवाना निलंबित किंवा रद्द करणे ही दुसरी. तो अधिकार शस्त्र कायद्याच्या कलम १७ खाली परवाना देणाऱ्याचा, म्हणजे सोलापूर शहरात पोलीस आयुक्तांचा आणि जिल्ह्यात जिल्हाधिकाऱ्यांचा. त्यांनी कारणे लिहिली पाहिजेत, आणि कलम १८ खाली त्यावर अपील आहे. असा आदेशच नसेल तर ‘तुमचा परवाना आता गेला’ या ठाण्यातल्या तोंडी वाक्याला कायद्यात किंमत शून्य.

मुद्देमाल ठाण्यात महिनोन्‌महिने कुजू देऊ नका, असे सर्वोच्च न्यायालयाने सुंदरभाई अंबालाल देसाई प्रकरणात २००२ मध्येच बजावले. ते प्रकरण उभे राहिले होते पोलिसांनीच मुद्देमालात अफरातफर केल्याच्या आरोपावरून. गोळीबारातली बंदूक हा महत्त्वाचा पुरावा, ती खटल्यापर्यंत लागेल, हे मान्य. मग तेवढा काळ त्या माणसाला संरक्षण द्या. बंदूकही तुमच्याकडे आणि बंदोबस्तही नाही, हे चालणार नाही. अत्याचाराच्या प्रकरणात बळी आणि साक्षीदाराला संरक्षण मागण्याचा हक्क २०१५ च्या दुरुस्तीने आलेल्या कलम १५-अ मध्ये आहे.

तेव्हा अर्ज दोन करायचे. बंदुकीसाठी न्यायदंडाधिकाऱ्याकडे, संरक्षणासाठी विशेष न्यायालयाकडे. दोन्हींची पोच घ्यायची. आणि बंदूक मुद्देमालात असली तरी परवान्याचे नूतनीकरण मुदतीत करायचे. नाहीतर न्यायालय बंदूक परत द्या म्हणेल, आणि ठाण्यातला कारकून परवान्याची संपलेली तारीख दाखवून ती पुन्हा कपाटात ठेवील.