यंत्रांचा दुभाषी

दिवाणखान्यांतील मेजावर चार-पांच रिमोट पडलेले असावेत, आणि कोणत्या रिमोटनें कोणतें यंत्र जागें होतें हें घरांतील एकाच मनुष्यास ठाऊक असावें, ही स्थिति आमच्या पुष्कळ वाचकांच्या परिचयाची असेल. या सर्वांच्या जागीं एकच रिमोट आणण्याची खटपट गेलीं चाळीस वर्षें चालू आहे.

दुरून यंत्र चालविण्याची कल्पना त्याहून पुष्कळच जुनी. निकोला टेस्ला यानें 1898 सालीं न्यूयॉर्क येथें बिनतारी लहरींनीं एक लहानशी होडी चालवून दाखविली होती. अमेरिकेंतील झेनिथ कंपनीनें 1950 मध्यें दूरचित्रवाणीचा रिमोट काढला, तो संचास तारेनें बांधलेला होता. 1955 मध्यें त्याच कंपनीच्या यूजीन पॉली यानें प्रकाशझोत योजला. परंतु संचावर ऊन पडलें तरी वाहिनी बदलूं शके! पुढील वर्षीं रॉबर्ट ॲडलर याच्या रिमोटांत बटण दाबतांच चिमुकली हातोडी ॲल्युमिनियमच्या कांडीवर आपटे व मनुष्यास ऐकूं न येणारा नाद निघे. त्यास बॅटरीही लागत नसे.

पुढें अवरक्त किरण आले आणि घोटाळा सुरू झाला. या किरणांची उघडझांप करून आज्ञा धाडतात. पण ती कोणत्या लिपींत धाडावी याविषयीं एकमत झालें नाहीं. फिलिप्सनें 36 किलोहर्ट्झ घेतले, सोनीनें 40, एनईसीनें 38. ॲपल संगणकाचा कर्ता स्टीव्ह वॉझनियाक यानें 1987 सालीं ‘कोअर’ नांवाचा शिकणारा रिमोट विकावयास आणला. मूळ रिमोट त्याच्यासमोर धरून बटण दाबावें. तो उघडझांपेचा काळ टिपून घेई व पुढें तसाच म्हणून दाखवी. अर्थ कळण्याचें कारणच नाहीं. हें पोपटाचें पाठांतर होय.

खरी अडचण निराळीच आहे. हा दुभाषी बहुधा बहिरा असतो. यंत्र त्यास उत्तर देत नाहीं. त्यांतून चालू व बंद करण्याची आज्ञा पुष्कळ यंत्रांस एकच. आमच्या घरीं एका बटणानें संच व ध्वनिवर्धक दोन्ही उठत. एके दुपारीं वीज जाऊन आली; ध्वनिवर्धक जागा झाला, संच निजलेलाच राहिला. तेव्हांपासून बटण दाबतांच एक उठे तों दुसरा निजे. आमच्या मातोश्री सायंकाळच्या बातम्यांवांचून बसून होत्या, आणि ज्यांनीं ही व्यवस्था लावली ते आम्ही परगांवीं!

कॅनडांत निघालेल्या ‘हार्मनी’ रिमोटनें कोणतें यंत्र चालू असावें याची आठवण ठेवून, आणि चुकल्यास मालकालाच प्रश्न विचारून, या दोषावर बरीच मात केली. लॉजिटेकनें तो धंदा 2004 मध्यें विकत घेतला व 2021 मध्यें नवे रिमोट करणें थांबविलें. दरम्यान एचडीएमआय तारेंतून यंत्रांस परस्परांशीं बोलण्याची सोय झाली. तिलाही सॅमसंगनें एक नांव दिलें, सोनीनें दुसरें, एलजीनें तिसरें.

असो. मातोश्रींनीं संचाचा मूळ रिमोट आतां आपल्या उशाशीं ठेवला आहे, आणि तो आम्हांस मागण्याची छाती होत नाहीं.