श्री शांतादुर्गा : केळशीहून कवळ्यास

श्री शांतादुर्गा ही गोमंतकातील व कोकणातील असंख्य कुटुंबांची कुलदेवता. जीर्णोद्धाराच्या या मंगल प्रसंगी देवीच्या कवळे येथील स्थानाचा पूर्वेतिहास भाविकांच्या माहितीसाठी थोडक्यात देत आहोत.

देवीचे मूळ स्थान साष्टी प्रांतातील केळशी गावी होते. सोळाव्या शतकात साष्टी पोर्तुगीजांच्या ताब्यात गेली व इ. स. १५६७ मध्ये तेथील देवळे पाडण्याची मोठी मोहीम निघाली. त्याच सुमारास भक्तांनी देवीला जुवारी नदीपलीकडे, फोंडा महालातील कवळे गावी आणले. हा मुलूख त्या वेळी विजापूरच्या आदिलशाहीत असल्याने पोर्तुगीजांचा हात तेथवर पोचत नव्हता. केळशीचे देऊळ गेले, पण देवीची सेवा भक्तांनी सोडली नाही.

कवळ्यास आरंभी लहानसेच देवालय होते. पुढे वेंगुर्ले तालुक्यातील कोचरे गावचे नारो राम मंत्री हे सातारच्या छत्रपती शाहू महाराजांच्या दरबारी मंत्रिपदास पोचले. त्यांच्या खटपटीने इ. स. १७३० च्या सुमारास महाराजांकडून द्रव्यसाहाय्य मिळाले, महाजनांनीही हातभार लावला व आजचे भव्य मंदिर उभे राहिले. इ. स. १७३९ मध्ये कवळे गाव देवीस इनाम मिळाला. इ. स. १७६३ मध्ये फोंडा महालही पोर्तुगीजांकडे गेला. परंतु मंदिर अबाधित राहिले.

शिव व विष्णू यांच्यात घोर युद्ध जुंपले असता आदिमायेने मध्ये उभे राहून दोघांना शांत केले, म्हणून ती शांतादुर्गा, अशी कथा आहे. गोव्याच्या अनेक गावांत हीच माउली सांतेरी या नावाने, वारुळाच्या रूपात पूजिली जाते. वारूळ म्हणजे भूमीचेच रूप. भांडण मिटविणारी व अन्न पिकविणारी अशी ही गावाची आई आहे.

इतिहास राजांची व मंत्र्यांची नावे लिहून ठेवतो. देवीला घेऊन नदी ओलांडणाऱ्या साध्या भक्तांची नावे मात्र सहसा राहून जातात. आणि त्यांनी पाऊल उचलले नसते, तर पुढे मंदिर बांधायचे कोणासाठी? जीर्णोद्धाराच्या कार्यातही असेच असते. देणगीदारांची नावे छापली जातात. दगडमाती वाहणाऱ्यांची राहून जातात. देवीच्या दरबारी दोघांचीही सेवा सारखीच रुजू होते.

श्री शांतादुर्गा सर्वांचे कल्याण करो, हीच प्रार्थना.