पुण्याची कोतवाली आणि न विचारलेला प्रश्न

विजय तेंडुलकरांचे 'घाशीराम कोतवाल' वर्गात शिकवताना आम्ही बहुधा नटांच्या मानवी भिंतीपासून सुरुवात करतो, आणि नाना फडणविसांच्या चित्रणावरून उठलेल्या वादळापाशी तास संपतो. हे नाटक ऐतिहासिक नव्हे, असे तेंडुलकरांनी स्वतःच सांगून ठेवल्यामुळे मूळ घटनेकडे वळण्याची गरज कुणास फारशी भासत नाही. आमच्या मते ती घटना स्वतंत्रपणे वाचण्याजोगी आहे. शहरात बंदोबस्त असणे आणि शहरातील माणसाला निर्धास्त वाटणे, यांत केवढे अंतर असू शकते ते तीत दिसते.

पार्श्वभूमी ध्यानात घ्यावयास हवी. ३० ऑगस्ट १७७३ रोजी नारायणराव पेशव्यांचा खून शनिवारवाड्यातच झाला, आणि तो पदरच्या गारद्यांनी केला. रघुनाथरावांना देहान्त प्रायश्चित्त सांगून रामशास्त्री पुणे सोडून गेले. ज्यांच्या हाती शस्त्र त्यांचाच भरवसा नाही, हे शहराने धन्याच्या वाड्यात पाहिले होते. अशा पुण्याला खंबीर कोतवाल हवा होता, यात नवल नाही. १७७७ मध्ये नानांनी घाशीराम सावळदासाची नेमणूक केली.

कोतवाल म्हणजे केवळ आजचा पोलीस अधिकारी नव्हे. पेठांतील चावड्या व रात्रीची गस्त त्याच्याकडे. बाजारभावावर नजर, घरांच्या व जागांच्या खरेदी-विक्रीवर देखरेख, शहरात येणाऱ्या-जाणाऱ्यांची नोंद, हेही त्याच्याकडेच. शिवाय किरकोळ गुन्ह्यांचा निवाडा करून दंड वसूल करण्याचा अधिकारही त्याचाच. पकडणारा, ठरवणारा आणि दंड घेणारा एकच! तक्रार असलीच तर ती न्यायची कुठे? ज्याने कोतवाल नेमला त्या कारभाऱ्याकडे. त्या वाटेने जाण्याची हिंमत सामान्य रयतेत किती असणार?

ऑगस्ट १७९१ अखेर श्रावणातील दक्षिणेसाठी आलेले तेलंगी ब्राह्मण परतीच्या वाटेवर कोतवालाच्या बागेत उतरले. फळे तोडल्याच्या आरोपावरून चौतीस जणांना एका कोंदट जागेत कोंडण्यात आले. त्यांपैकी एकवीस जण गुदमरून मेले. बातमी फुटताच ब्राह्मणांचा प्रचंड जमाव जमला आणि त्याने कोतवालाचा प्राण मागितला. अखेर नानांनी त्यास स्वाधीन केले. धिंड काढून ३१ ऑगस्ट रोजी त्यास दगडांनी ठेचून मारण्यात आले.

यास जाब विचारणे म्हणावे काय? आम्हांस तसे वाटत नाही. जाब विचारताना माणसाकडून उत्तर घ्यावे लागते. त्या कोठडीची किल्ली कुणाकडे होती, कोंडण्याचा हुकूम कुणाचा, तो शहानिशेवाचून कसा पाळला गेला, चौदा वर्षांत आधीच्या तक्रारींचे काय झाले, असे प्रश्न पडतात. ज्याने उत्तरे द्यायची तोच दगडांखाली गेल्यावर ते विचारायचे कुणाला? जमावाचा राग खरा होता. परंतु तो एका माणसावर रिता झाला आणि नेमणूक करणारा हात मोकळा राहिला. आणखी एक गोष्ट नजरेआड करू नये. मेलेले ब्राह्मण होते म्हणून हजारो जमले. खालच्या जातीची एकवीस माणसे त्या कोठडीत गुदमरली असती, तर वाड्यासमोर किती गर्दी झाली असती, याची कल्पना वाचकांनीच करावी.

पुढे नवा कोतवाल आला. कामे तीच, अधिकार तेच. टोन नावाचा आयरिश लष्करी माणूस त्यानंतर काही वर्षांनी पुण्याविषयी लिहितो, तेव्हा शहराच्या बंदोबस्ताची तारीफच करतो: रात्री तोफ झाल्यावर रस्त्यावर दिसेल त्यास गस्त पकडते आणि सकाळपर्यंत अडकवून ठेवते, प्रत्यक्ष पेशव्यांनाही एकदा असे रात्रभर थांबावे लागले होते. पेशव्याची ही हकिगत वाचताना हसू येते. मात्र पेशव्यास सकाळी सोडून देतील, ही खात्री होती. १७९१ च्या त्या रात्री कोंडलेल्या चौतीस जणांनाही कदाचित तीच खात्री असेल.