दफ्तर कुणाच्या ताब्यात?

'मसुदा' हा शब्द अरबीतून फारसीमार्गे मराठीत आला. मूळ शब्द 'मुसव्वदा', म्हणजे काळा केलेला. खाडाखोड होऊन शाईने काळवंडलेली पहिली प्रत ती मुसव्वदा आणि स्वच्छ उतरवलेली प्रत ती मुबय्यजा, म्हणजे पांढरी केलेली. दफ्तरही फारसीतूनच आलं. फडणीस म्हणजे फर्दनवीस, चिटणीस म्हणजे चिठ्ठीनवीस, मुजुमदार म्हणजे मजमूदार. एकाने लिहायचं, दुसऱ्याने तपासायचं, ही रीत या आडनावांतच शिल्लक आहे.

आज हेच काम ब्राउझरमध्ये चालतं. त्याची पहिली मोठी झलक 9 डिसेंबर 1968 रोजी सॅन फ्रान्सिस्कोत दिसली. डग्लस एंगेलबार्ट यांनी दूर मेन्लो पार्कला बसलेल्या सहकाऱ्यासोबत एकाच पडद्यावरच्या मजकुरावर काम करून दाखवलं. अडचण होती ती दोघांनी एकाच क्षणी लिहिण्याची. मी तिसऱ्या अक्षरापुढे एक अक्षर घातलं आणि त्याच वेळी तुम्ही सातवं खोडलं, तर माझ्या प्रतीत तुमचं सातवं अक्षर आठवं झालेलं असतं. प्रत्येक दुरुस्तीची जागा अशी आपोआप सरकवण्याची पद्धत एलिस आणि गिब्ज यांनी 1989 मध्ये मांडली.

2005 मध्ये अमेरिकेत रायटली आणि आपल्या चेन्नईच्या कंपनीचं झोहो रायटर सुरू झालं. मार्च 2006 मध्ये गुगलने रायटली विकत घेतलं. त्यातूनच गुगल डॉक्स आलं. 2007 मध्ये गुगलने कंपन्यांसाठी माणशी वर्षाला 50 डॉलर दराची सेवा काढली. कार्यालयाचं दफ्तर भाड्याने मिळू लागलं.

सोय मोठी आहे, मी नाकारत नाही. कुणी कोणतं वाक्य केव्हा बदललं हे सगळं दिसतं. मुसव्वद्यावरची काळी शाई आता पुसली जात नाही. पण मूळ प्रत आपल्या कपाटात नाही, दुसऱ्याच्या सर्व्हरवर आहे.

कागद कुणाकडे, या प्रश्नाची किंमत महाराष्ट्राने मोजली आहे. पेशवाई बुडाल्यावर पुण्याचं दफ्तर इंग्रजांच्या हाती गेलं. 1852 च्या अकराव्या कायद्याने इनाम कमिशनला अधिकार मिळाले आणि इनामदारांना आपला हक्क सिद्ध करावा लागला. ज्यांना तो सिद्ध करता आला नाही, त्यांची पिढीजात इनामं गेली. तपासणारा सरकारच, आणि जुनं दफ्तरही सरकारच्याच कुलपात.

आज आपल्याकडच्या मशिदीच्या कमिट्या, मदरसे, शिक्षणसंस्था, पतसंस्था जमाखर्च आणि बैठकांचे ठराव असेच ऑनलाइन ठेवू लागल्या आहेत. खातं मात्र पुष्कळदा एखाद्या उत्साही तरुणाच्या खासगी ईमेलवर असतं. तो नोकरीसाठी दुबईला गेला, कमिटीशी बिनसलं किंवा पासवर्ड हरवला, की दहा वर्षांचा हिशेब त्याच्याबरोबर जातो. उद्या धर्मादाय आयुक्तांकडे किंवा वक्फ मंडळाकडे कागद मागितला गेला, तर दाखवणार काय?

म्हणून माझं सांगणं साधं आहे. खातं संस्थेच्या नावाने काढा, चाव्या किमान दोघांकडे ठेवा. दर तिमाहीला सगळ्या फाइली उतरवून घ्या आणि ठरावांची छापील, सही केलेली प्रत कपाटात ठेवा. मसुदा कुठेही लिहा. मुबय्यजा आपल्या घरात असू द्या.