दर्याचा नारळ आणि परसातील माड

कोकणात घर आहे आणि परसात माड नाही, असे सहसा घडत नाही. माड लावणाऱ्याला आपण कौतुकाने विचारीतही नाही; तो घरच्या माणसासारखाच. पण परदेशातले दुर्मिळ ताडमाड आपल्या अंगणात वाढवावेत, अशी हौस अलीकडे पुष्कळांना लागली आहे. ही हौस वाईट नव्हे. मात्र तिची परीक्षा घेणारे एक झाड आहे. त्याचा इतिहास आज आम्ही आपणांपुढे ठेवणार आहोत. ते झाड म्हणजे दर्याई नारळाचे.

दोन नारळ एकमेकांना जोडावेत तसे हे काळे फळ. त्याच्या अर्ध्या करवंटीचे पात्र फकिरांच्या हाती आपल्यापैकी अनेकांनी पाहिले असेल. त्यालाच कश्कूल म्हणतात. शतकानुशतके हे फळ हिंदी महासागराच्या लाटांबरोबर, विशेषतः मालदीव बेटांच्या किनाऱ्यास येऊन लागे. ते कोठून येते, हे मात्र कोणास ठाऊक नव्हते. जे कळत नाही त्याची किंमत वाढते, हा जगाचा नियम. फ्रेंच प्रवासी पिरार १६०२ साली जहाज फुटून मालदीवला अडकला आणि १६०७ पर्यंत तेथे राहिला. त्याने लिहून ठेवले आहे की, किनाऱ्यावर सापडलेला असा नारळ राजाच्याच मालकीचा समजला जाई आणि तो लपवून ठेवणाऱ्यास कठोर शिक्षा होई.

आपल्या भूमीशी या नारळाचे नाते जुने आहे. गार्सिया द ओर्ता या पोर्तुगीज वैद्याने १५६३ साली गोव्यात औषधी वनस्पतींवरचा आपला प्रसिद्ध संवादग्रंथ छापला. मुंबई बेट त्यास भाडेपट्ट्याने मिळाले होते आणि तेथे त्याची वाडीही होती. झाडे पाहून, लावून, चाखून लिहिणारा हा मनुष्य. त्या ग्रंथात मालदीवच्या नारळाचा प्रश्न त्याने काढला आहे. पूर्वी तेथे सलग जमीन होती, ती समुद्रात बुडाली आणि तिच्यावरच्या माडांची ही फळे, अशी लोकवार्ता त्याने नोंदवली. विषावर हा नारळ गुणकारी आहे असे लोक म्हणत, तेही त्याने सांगितले. पण आपण स्वतः त्याचा अनुभव घेतला नाही, हेही कबूल केले. ही कबुली आम्हांस फार मोलाची वाटते. पुढे सतराव्या शतकात अंबोन बेटावर राहिलेला रुम्फियससारखा थोर वनस्पतीज्ञही हे झाड समुद्राच्या तळाशीच वाढते, असे मानीत होता.

कोडे सुटले १७६८ साली. फ्रेंचांची एक मोहीम सेशेल्स द्वीपसमूहाची पाहणी करीत असता प्रासलॅं बेटावर हे माड जमिनीवर उभे दिसले. एका कप्तानाने लगेच जहाज भरभरून नारळ हिंदुस्थानच्या बाजारात आणले आणि परिणाम व्हायचा तोच झाला. राजांच्या कोठारातली वस्तू बाजारातला माल बनली, भाव कोसळला. गूढ गेले, त्याबरोबर मोलही गेले! शास्त्रीय नावात मात्र जुनी चूक कायम राहिली: मालदीवात न वाढणाऱ्या या झाडाचे जातिनाम आजही ‘माल्दिविका’ असेच आहे.

आता खरी गोष्ट पुढेच आहे. ताजा, जिवंत दर्याई नारळ पाण्यात तरंगत नाही, तो बुडतो. आतला गर कुजून पोकळ झाला म्हणजेच तो लाटांवर येतो. म्हणजे शेकडो वर्षे राजेरजवाड्यांनी जे जपले, ते मेलेले बी होते. त्यातून एकही अंकुर कधी निघणार नव्हता.

जिवंत बी लावणाऱ्याची कसोटी वेगळी. हे जगातले सर्वांत जड बी. सतरा-अठरा किलोपर्यंत भरते. अंकुर बीजाच्या जागीच वर येत नाही. तो जमिनीखालून काही मीटर दूर जातो आणि मग पान काढतो. म्हणून कुंडी त्यास पुरत नाही. फुलावर येण्यास वीस ते चाळीस वर्षे लागतात. नर आणि मादी झाडे निराळी, आणि कोणते कोण हे फुलल्यावाचून कळत नाही. फळ पिकायला आणखी सहा-सात वर्षे. कलकत्त्याजवळ शिबपूरच्या वनस्पती उद्यानात १८९४ साली एक बी लावले गेले. झाड वाढले, मादी ठरले. पण नर जवळ नाही, तेव्हा फळ कसे धरणार? अखेर चालू शतकात शास्त्रज्ञांनी बाहेरून पराग आणून हाताने परागण केले, तेव्हा कोठे फळ धरले. ज्याने ते बी लावले, त्याने ते फळ पाहिले नाही.

मूळ घरीही आज हे झाड सुखात नाही. प्रासलॅं आणि क्युरिअझ ही दोनच बेटे त्याची नैसर्गिक वस्ती. प्रासलॅंवरील ‘व्हॅले द मे’ हे रान १९८३ साली जागतिक वारशात घेतले गेले. फळांच्या विक्रीवर तेथे सरकारी बंधने आहेत. तरी चोरी होतेच. तेथील जमीन निकस आहे. पण त्या माडाची रुंद पाने पन्हाळासारखी असतात. पावसाचे पाणी आणि त्याबरोबर पडलेला पालापाचोळा ती बुंध्याशी आणून सोडतात. आपल्या मुळांची सोय ते झाड स्वतःच करते.

तेव्हा श्रोतेहो, दुर्मिळ माडाची हौस असलेल्यांस आमचे सांगणे इतकेच. बी कोठून आले ते विचारावे. रानातून चोरून आणलेल्या बियाने बाग सजते, पण रान उजाड होते. जमेल तर एकट्याने एक झाड न लावता चार शेजाऱ्यांनी मिळून चार लावावीत. कोणाच्या दारी नर, कोणाच्या दारी मादी उभी राहील. आणि फळाची घाई करू नये. आपल्या परसातला साधा माडही बहुधा आजोबांनीच लावलेला असतो, आणि पाणी आपण पितो.