शकुंतलेचा मालक कोण?

आमचे घर दारव्ह्याचे आणि आजोळ कारंज्याचे. त्यामुळे दिवाळीची सुटी लागली की शकुंतलेत बसायचे, हे ठरलेलेच होते. ती चिमुकली गाडी इतक्या बेताने चाले की दोन्ही अंगांचा फुटलेला कापूस सावकाश डोळे भरून पाहता येई. "ही गाडी सरकारची नव्हे रे, कंपनीची आहे," असे आजोबा सांगत, तेव्हा मला ती त्यांची थट्टाच वाटे.

पण ती थट्टा नव्हती. मुंबईच्या किलिक निक्सन या इंग्रज पेढीने १९१० साली सेंट्रल प्रॉव्हिन्सेस रेल्वे कंपनी काढली आणि वऱ्हाडचा कापूस बाहेर नेण्यासाठी अडीच फुटी रूळ टाकले. मूर्तिजापूरहून एक फाटा अचलपूरला, ७६ किलोमीटर. दुसरा कारंजा, दारव्हा करीत यवतमाळला, ११३ किलोमीटर. मूर्तिजापूरला गाठी मोठ्या गाडीत चढत, मुंबई बंदर गाठत आणि तिथून मँचेस्टरच्या गिरण्यांकडे जात.

रूळ कंपनीचे, गाडी चालवणार जीआयपी आणि १९५१ नंतर मध्य रेल्वे, उत्पन्नातला वाटा मालकाला, असा हा मामला. देशातल्या बहुतेक रेल्वे राष्ट्राच्या झाल्या. ही मात्र कंपनीच्याच पदरी राहिली. आता घर एकाचे आणि बिऱ्हाड दुसऱ्याचे असले, तर छप्पर शाकारायचे कोणी? १९२१ साली मँचेस्टरला बनलेले वाफेचे इंजिन इथे १९९४ पर्यंत राबले, यातच सगळे आले. कौतुक इंजिनाचे करावे. व्यवस्थेचे करवत नाही.

इकडे १९५६ साली यवतमाळ मुंबई राज्यात आले आणि पुढे एसटीची लाल गाडी गावोगाव पोचली. खासगी म्हणजे चपळ आणि सरकारी म्हणजे सुस्त, असे आपण सहज बोलून जातो. इथे सरकारी मोटारीने खासगी रुळांवरच्या गाडीला केव्हाच मागे टाकले! घाई असलेला माणूस एसटीने जाई. शकुंतलेत उरले ते शेतमजूर, भाजीची टोपली घेतलेल्या बाया आणि आमच्यासारखी सुटीतली पोरे. तिकीट स्वस्त होते, आणि ज्याच्या गाठीला पैसा थोडा, त्याला ताशी वीस किलोमीटरही पुरत.

२०१६ मध्ये हा मार्ग रुंद करण्याची घोषणा झाली. २०२० उजाडण्यापूर्वी यवतमाळची गाडी थांबलेली होती. वर्ध्याकडून येणारी नवी, सरकारी रेल्वे २०२४ साली कळंबपर्यंत आली, तेव्हा मी ती बातमी आईला वाचून दाखवली. तिने सगळे ऐकून घेतले आणि विचारले, "तिकीट तेवढेच ठेवतील का रे?"