वरणगावात सॉफ्टवेअर मारायचे दिवस

वीस वर्षांपूर्वी वरणगावातल्या मोबाइल दुरुस्तीच्या दुकानात सगळ्यांत महागडी वस्तू असायची ती फ्लॅशिंगचा, म्हणजे फोनात नवं सॉफ्टवेअर भरायचा बॉक्स. यूएफएस, जॅफ अशी त्यांची नावं. हाताच्या पंजात मावणारी डबी, एका बाजूने कॉम्प्युटरला जोडायची आणि दुसऱ्या बाजूला केबलींचा जुडगा. नोकियाच्या जवळपास प्रत्येक मॉडेलला वेगळी केबल लागे, कारण बॅटरीखालचे सोनेरी पॉइंट प्रत्येकात निराळ्या जागी. फोनवर ‘कॉन्टॅक्ट सर्व्हिस’ अशी पाटी आली की गिऱ्हाईक काउंटरवर फोन ठेवून म्हणायचं, “भो, सॉफ्टवेअर मारून दे.” मग बॅटरी काढायची, केबलचे पिन त्या पॉइंटांवर नेमके टेकवायचे आणि स्क्रीनवरची पट्टी भरेपर्यंत कोणाला टेबलाला हात लावू द्यायचा नाही.

आमच्या गावाचा इतिहास सांगताना लोक १९६४ ची ऑर्डनन्स फॅक्टरी सांगतात, तापीवरचं हतनूर धरण सांगतात, नागपूरकडे जाणारा हायवे सांगतात. सॉफ्टवेअर मारण्याच्या धंद्याबद्दल कोणी बोलत नाही. पण गावातल्या हजारो फोनांत काय चालायचं, कोणत्या भाषेत चालायचं आणि किती वर्षं चालायचं, हे पंधराएक वर्षं या दुकानांत ठरत होतं. मी त्या दुकानांतला एक. आठवतंय तोवर लिहून ठेवतो.

गावात फोन आले ते फॅक्टरीच्या पगारावर. माझे वडीलही तिथेच होते. कॉलनीत देशभरातून आलेली कुटुंबं, त्यामुळे गावी बोलायची ओढ सगळ्यांनाच. २००३ साली रिलायन्सने ५०१ रुपयांत सीडीएमए फोन दिला तेव्हा कॉलनीतल्या घराघरात तो दिसू लागला. त्यात सिम नव्हतं, नंबर फोनमध्येच लिहिलेला असे आणि तो बदलायचा तर कंपनीच्या माणसाकडे जावं लागे. त्याच वर्षी नोकिया ११०० आला. त्यात मात्र आम्हाला हात घालता येत होता, आणि आमचा धंदा त्या फोनाने उभा केला. जगभरात तो २५ कोटींवर विकला गेला असं म्हणतात. आमच्या टेबलावर तो रोज असायचा.

नोकियाचं सॉफ्टवेअर तीन फाइलींत येई. एमसीयू म्हणजे मूळ कारभार, पीपीएम म्हणजे भाषा आणि अक्षरं, सीएनटी म्हणजे कंपनीने भरलेली चित्रं-गाणी. आखातात कामाला गेलेला कोणी तिकडून फोन आणायचा, तर त्यात अरबी असे आणि हिंदी नसे. अशा वेळी एमसीयूला हात लावायचा नाही, फक्त पीपीएम बदलायची. काही मिनिटांत त्या फोनात देवनागरी उमटायची. घरच्या बाईला आता नावं वाचता येतील म्हणून माणूस जो खूश व्हायचा, तो आनंद मला पुढे कुठल्याच महागड्या फोनात दिसला नाही.

फाइली यायच्या जळगावच्या गोलाणी मार्केटमधून. तिथला ओळखीचा दुकानदार सीडी भरून द्यायचा, वर मॉडेलचा नंबर पेनाने लिहिलेला. ११०० चा नंबर आरएच-१८, तो आजही पाठ आहे. नवं व्हर्जन आलं की एकाने आणायचं आणि भुसावळ, बोदवड, मुक्ताईनगरच्या दुकानांनी ते एकमेकांत वाटायचं. कंपनीपासून ग्राहकाच्या हातापर्यंत सॉफ्टवेअर पोचवणारी आमची व्यवस्था अशी होती: एसटी, सीडी आणि ओळख.

त्यात भारनियमन. भुसावळच्या वाटेवर दीपनगरच्या औष्णिक केंद्राच्या चिमण्या लागतात, तरी त्या काळात आमच्याकडे दिवसाचे कितीतरी तास वीज नसे. फ्लॅश करताना फोनातली जुनी मेमरी आधी पुसली जाते आणि मग नवी लिहिली जाते. या दोन्हींच्या मध्ये वीज गेली तर फोनात ना जुनं राहतं ना नवं. सुरुवातीचा छोटा प्रोग्राम, ज्याला बूटलोडर म्हणतात, तो शाबूत असेल तर केबलवरून पुन्हा प्रयत्न करता येतो. तोच पुसला गेला तर फोन डेड. म्हणून दुकानात इन्व्हर्टर आधी आला, पंखा नंतर.

चायना फोनांचा काळ मोठ्या आवाजाच्या स्पीकरचा आणि दोन सिमचा. त्यांतल्या पुष्कळ फोनांना आयएमईआय, म्हणजे प्रत्येक फोनाची वेगळी ओळख असणारा नंबरच नव्हता, किंवा हजारो फोनांना एकच होता. सुरक्षेच्या कारणावरून सरकारने असे फोन ३० नोव्हेंबर २००९ च्या मध्यरात्रीपासून बंद करायला लावले. त्याआधी काही महिने मोबाइल कंपन्यांच्या संघटनेने १९९ रुपयांत खरा आयएमईआय भरून द्यायची अधिकृत सोय केली होती. त्या दिवसांत दुकानांवर रांगा लागल्या. कागदपत्रं पाहून अधिकृत नंबर भरणं वेगळं आणि चोरीच्या फोनाचा नंबर बदलणं वेगळं. ही रेघ आमच्यातल्या काहींनी पाळली, काहींनी नाही. २०१७ च्या नियमांनी नंबर बदलणं तीन वर्षांपर्यंतच्या शिक्षेचा गुन्हा ठरवला. तो नियम त्याआधीच यायला हवा होता, असं मला ठामपणे वाटतं.

मग अँड्रॉइड आलं, आणि त्यासोबत आमच्या धंद्यातला सगळ्यांत चांगला काळ.

२०११-१२ च्या स्वस्त अँड्रॉइड फोनांतल्या बऱ्याच फोनांवर मराठी वाचताच येत नसे. अक्षरांच्या जागी रिकामे चौकोन. कॉलेजची पोरं एक युक्ती करायची. ऑपेरा मिनीच्या पत्त्याच्या जागी ‘ऑपेरा:कॉन्फिग’ टाइप करून गुंतागुंतीच्या लिप्यांसाठी बिटमॅप फॉन्टचा पर्याय चालू केला की वर्तमानपत्राची साइट मराठीत दिसायची, कारण सर्व्हर अक्षरांचं चित्र करून पाठवायचा. पण मेसेज, कॉन्टॅक्ट, फेसबुक यांत चौकोनच. फोन रूट करून, म्हणजे आतल्या सिस्टमला हात लावायची मुभा मिळवून, देवनागरीचा फॉन्ट आत टाकला तर चौकोन जायचे, पण वेलांटी अक्षराच्या चुकीच्या बाजूला पडायची आणि जोडाक्षरं फुटायची. अक्षरं कशी जुळवायची हे फॉन्टला एकट्याला करता येत नाही, ते सिस्टममधल्या वेगळ्या भागाचं काम. तो भाग बदलायचा तर पूर्ण सिस्टम बदलावी लागे. अशी दुसऱ्या कोणी बांधलेली सिस्टम म्हणजे कस्टम रॉम, आणि आमच्या गावात तिला पहिली गिऱ्हाइकं मिळाली ती यासाठी. वेगासाठी आणि दिखाऊ थीमसाठी लोक पुढे आले, पहिले आले ते मराठी नीट दिसावी म्हणून. मूळ अँड्रॉइडमध्ये मराठी ही फोनची भाषा म्हणून निवडायची सोय २०१४ च्या ५.० व्हर्जनला झाली. आपली भाषा लोकांच्या हातात आधी पोचवली ती कोणा अनोळखी पोरांनी रात्री जागून बांधलेल्या रॉमने आणि गल्लीतल्या दुकानदाराने. हे कोणी विसरू नये.

या रॉमांचं मूळ दूर आहे. अँड्रॉइडचा पहिला फोन २००८ मध्ये आला आणि पुढच्याच वर्षी स्टीव्ह कॉन्डिक या अमेरिकन प्रोग्रामरने सायनोजेनमॉड सुरू केलं. अँड्रॉइडचा गाभा खुला, त्यामुळे तो घेऊन सुधारून वाटायला हरकत नव्हती. पण जीमेल, मॅप, मार्केट ही गूगलची स्वतःची ॲप त्यात होती, म्हणून सप्टेंबर २००९ मध्ये गूगलने त्याला नोटीस पाठवली. तेव्हापासून रॉमची झिप वेगळी आणि गूगलच्या ॲपची झिप वेगळी. आमच्या पेन ड्राइव्हमध्ये शेवटपर्यंत त्या दोन फोल्डरांत राहिल्या, ते या नोटिशीमुळे.

मीडियाटेकच्या फोनांना, म्हणजे मायक्रोमॅक्स कॅनव्हास, कार्बन वगैरेंना, एसपी फ्लॅश टूल लागे. मेमरीत कोणता भाग कुठे सुरू होतो याचा नकाशा म्हणजे स्कॅटर फाइल. ती निवडायची, फोन बंद करून बॅटरी काढायची, डाउनलोड दाबायचं आणि मग केबल जोडायची. आधी लाल पट्टी, मग पिवळी, शेवटी हिरवं वर्तुळ. घाईत ‘फॉरमॅट ऑल’ दाबणाऱ्याचा आयएमईआयही पुसला जायचा, म्हणून तो नंबर जिथे असतो त्या एनव्हीरॅमचा बॅकअप आधी. सॅमसंगसाठी ओडिन हे टूल. फॅक्टरीतला माणूस पाळीला जाताना फोन टाकून जायचा आणि सुटल्यावर चालू फोन घेऊन जायचा, त्यामुळे पाळीचे भोंगे आमच्याही कामाचं वेळापत्रक होते.

२०१४ साली वाटलं की हे सगळं आता सरळ कंपनीकडूनच मिळेल. १५ सप्टेंबरला गूगलने भारतात अँड्रॉइड वन आणलं. मायक्रोमॅक्स, कार्बन आणि स्पाइस यांचे साडेसहा हजारांच्या आतबाहेरचे फोन, आणि अपडेट थेट गूगलकडून. एअरटेलचं सिम असेल तर पहिले सहा महिने अपडेटचा डेटा फुकट. एक जीबीला अडीचशेच्या आसपास मोजायच्या त्या दिवसांत ही सवलत लहान नव्हती. डिसेंबरात मायक्रोमॅक्सच्या यू या नावाने सायनोजेनमॉडच्या कंपनीचं सायनोजेन भारतात अधिकृतपणे आलं. वनप्लसच्या फोनातही सायनोजेनच होतं, म्हणून मायक्रोमॅक्स दिल्ली उच्च न्यायालयात गेली आणि वनप्लसच्या विक्रीवर काही दिवस बंदी आली. ज्या रॉमसाठी आम्ही गोलाणीच्या जिन्यावर पेन ड्राइव्ह फिरवला, तिच्या हक्कावरून आता कोर्टात कंपन्या भांडत होत्या. दोन वर्षांत, डिसेंबर २०१६ मध्ये, सायनोजेन कंपनीने सेवा बंद केल्या. स्वयंसेवकांनी त्याच गाभ्यावर लिनिएजओएस सुरू केलं, ते आजही चालू आहे.

तोवर जिओ आलं होतं. ५ सप्टेंबर २०१६ नंतर फाइल आणायला जळगावला जायची गरज उरली नाही. इंजिनिअरिंगला भुसावळला जाणारी पोरं आपापल्या रेडमी नोट ३ आणि नोट ४ वर दर आठवड्याला नवी रॉम टाकायची. बूटलोडरचं कुलूप उघडायला कंपनीची परवानगी लागे, तिची वाट कधी तीन दिवस, कधी सात, कधी पंधरा. मग फास्टबूट, त्यावर टीडब्ल्यूआरपी रिकव्हरी, जुनं पुसणं, रॉमची झिप, गूगलची झिप. पोरं दुकानात यायची ती फक्त अडकल्यावर.

ही लाट ओसरली ती रॉम वाईट झाल्या म्हणून नाही. फोनमध्ये पैसे आले. यूपीआय सुरू झालं, आणि बूटलोडर उघडा दिसला की पुष्कळ बँकांची ॲप चालायला नकार देऊ लागली. भाजीवाल्याला रॉम नको, त्याला पेमेंट हवं. २०१८ पासून काही फोनांत जुनं व्हर्जन परत टाकता येऊ नये अशीही सोय झाली. नव्यावरून जुन्यावर गेलात की फोन बंद.

कंपन्यांकडून हवेतून येणारं अपडेट मात्र खरोखर सुधारलं. पूर्वी अपडेट म्हणजे अख्खी सिस्टम. आता बदललेल्या तुकड्यांचा फरक तेवढा पाठवला जातो. त्यावर कंपनीची डिजिटल सही असते आणि ती जुळली तरच फोन ते स्वीकारतो. एकाच वेळी सगळ्यांना न देता आधी थोड्यांना देतात, बिघाड दिसला तर थांबवतात. २०१६ च्या अँड्रॉइड ७ पासून सिस्टमच्या दोन जागा ठेवायची पद्धत आली. तुम्ही एकावर फोन वापरत असता तेव्हा दुसरीवर नवं लिहिलं जातं, आणि ते चाललं नाही तर फोन जुन्यावर परततो. वीज गेली, बॅटरी संपली, तरी फोन मरत नाही. ज्या भीतीपोटी आम्ही इन्व्हर्टर घेतला ती भीती या एका कल्पनेने घालवली, तिचा मला मनापासून आदर आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये फाइव्ह-जी सुरू झालं तेव्हा हातात फाइव्ह-जीचा फोन असूनही अपडेट येईपर्यंत नेटवर्क मिळेना, तेव्हा सरकारला कंपन्यांना बोलावून घाई करावी लागली. अपडेट ही काय चीज आहे हे सगळ्या देशाला त्या महिन्यात कळलं.

पण हवेतून येणारी गोष्ट कंपनीने पाठवली तरच येते. महागड्या फोनांना आता सात-सात वर्षांचं वचन आहे. युरोपात २०२५ पासून विक्री थांबल्यावरही पाच वर्षं अपडेट देणं कायद्याने बंधनकारक झालं. आपल्याकडे केळीच्या बागेत राबणारा माणूस जो आठ-नऊ हजारांचा फोन घेतो, त्याला दोनएक वर्षांनंतर बहुधा काहीच येत नाही. फोन चांगला असतो, स्क्रीन चांगली, बॅटरी बदलली की नवी. फक्त बँकेचं ॲप म्हणतं, तुमचं व्हर्जन जुनं आहे. पूर्वी अशा फोनाला मी लिनिएज टाकून दोन-तीन वर्षं देऊ शकत होतो. आज बूटलोडर उघडला तर तेच ॲप चालेल याची खात्री नाही. मालकाने पैसे मोजलेल्या वस्तूत काय चालावं, हे ठरवायचा त्याचा हक्क इतका आक्रसू देणं चूक आहे, आणि आपल्या सरकारने युरोपासारखा नियम करावा असं माझं म्हणणं आहे.

माझ्याकडे जुन्या फ्लॅश फाइलींची एक हार्ड डिस्क आहे. सायनोजेनचा सर्व्हर गेला, अनेक भारतीय फोन कंपन्या थंडावल्या, त्यांच्या फाइली आता अधिकृतपणे मिळत नाहीत. तरी त्या लागतात. मध्यंतरी लोगोवर अडकलेला जुना कॅनव्हास आला, आत लग्नाचे फोटो. योग्य फाइल होती म्हणून यूजरडेटाची खूण काढून फक्त बूट आणि सिस्टम टाकली, फोन चालू झाला, फोटो जागच्या जागी. ती फाइल नसती तर करण्यासारखं फार थोडं होतं.

म्हणून रावेर, यावल, फैजपूर, बोदवड इथल्या जुन्या दुकानदारांना सांगणं आहे. गोलाणीच्या सीड्या घरात कुठे पडल्या असतील तर भंगारात देऊ नका, आधी कॉपी करा. सीडी लवकर खराब होतात. प्रत्येक फाइलीसोबत मॉडेल, बोर्डावरचा नंबर, चिप आणि ती फाइल कोणत्या फोनात चालवून पाहिली, एवढं लिहून ठेवा. बोर्डाचा नंबर विसरू नका. एकाच नावाच्या कॅनव्हासमध्ये दोन वेगळे बोर्ड यायचे, आणि एकाची फाइल दुसऱ्यात टाकली की स्क्रीन पांढरी होते.